माझ्या नावापुढे डीएनएफ

ट्रेल रेसचा ऑनलाइन फॉर्म भरताना काय काय विचारतात? टी-शर्टचा साईझ. रक्तगट. घरच्या कुणाचा तरी मोबाइल नंबर. मग एक लांबलचक मजकूर येतो, ‘मला काही झालं तर माझी मी जबाबदार’ अशा अर्थाचा. तो न वाचताच आपण टिक करतो, पैसे भरतो, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो आणि त्याखाली आगीच्या इमोजींची रांग लागते. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न राहून जातो. आयोजक विचारत नाहीत, मित्र विचारत नाहीत, आपणही स्वतःला विचारत नाही. ‘काय झालं तर तू थांबशील?’

माझं स्पष्ट मत आहे, की या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे तयार नाही त्याने 50 किलोमीटरचा फॉर्म भरू नये. पाय कितीही तयार असोत. आता तुम्ही म्हणाल, ही बया आमचं अवसान घालवायला आलीय का? तर नाही. तुम्ही धावावं असंच मला वाटतं, आणि डोंगरात धावावं असं तर फारच वाटतं. म्हणूनच हे लिहितेय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, त्याहून लांब पल्ल्याची कुठलीही शर्यत म्हणजे अल्ट्रा. आणि डांबर सोडून पाणंद, जंगलवाट, ओढा, डोंगराची धार अशा वाटेने धावायचं ते ट्रेल. आपल्याकडे सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणारी अल्ट्रा होते, तिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पुण्यातल्या मंडळींनी कात्रज ते सिंहगड, म्हणजे आपला के-टू-एस, एखाद्या पौर्णिमेला नक्की केला असणार. तेरा टेकड्या, सोळाएक किलोमीटर आणि शेवटच्या दोन टेकड्यांवर जिवलग मित्रांची भांडणं. आता ते अंतर तिप्पट करा, टेकड्यांच्या जागी किल्ले ठेवा आणि बरोबरीने घड्याळ लावा. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची धार ज्यांनी भर उन्हात तुडवली आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. ट्रेल रेसमध्ये आपल्यासारखे हौशी लोक सगळा वेळ धावत नसतात. उभ्या चढावर जगातले अव्वल धावकसुद्धा गुडघ्यांवर हात ठेवून चालतात. चढ चालायचा, सपाटीवर धावायचं आणि उतार सांभाळून उतरायचा, एवढंच गणित. दम काढतो तो चढ, पण मांड्या फोडतो तो उतार, कारण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू लांबत लांबत सगळं वजन रोखून धरत असतो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं.

मी तिसऱ्या वर्षाला असताना सह्याद्रीतल्या एका 50 किलोमीटरच्या रेसमध्ये उतरले. कुठल्या ते महत्त्वाचं नाही, त्यात आयोजकांची काहीच चूक नव्हती. तयारी म्हणजे कॉलेजचं ग्राउंड, रविवारी वेताळ टेकडी आणि एकदा रस्त्यावर सलग 28 किलोमीटर. पहाटे पाचला हेडटॉर्च लावून निघालो तेव्हा बोटं थंडीने वाकत नव्हती, आणि दुपारी बारापर्यंत पाठीवर ऊन असं बसलं की बाटलीतलं पाणी चहासारखं गरम. डिसेंबरातला सह्याद्री एकाच दिवसात दोन ऋतू दाखवतो.

सतराव्या किलोमीटरलाच मला पहिल्यांदा सोडून द्यावंसं वाटलं. कारण काय? काहीही नाही. एकटी पडले होते, पुढे-मागे कुणी दिसत नव्हतं आणि एकदम रडूच आलं. चेकपॉइंटवर उकडलेल्या बटाट्याला मीठ लावून दोन तुकडे खाल्ले, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायले. पंधरा मिनिटांनी मी गुणगुणत धावत होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण थांबावंसं वाटणं आणि थांबायची वेळ येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटात काही नसलं की जग संपल्यासारखं वाटतं, त्या अवस्थेत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. आधी खायचं, दहा मिनिटं बसायचं, मग बोलायचं.

एकतिसाव्या किलोमीटरच्या पुढे मोठा घसारा होता. सुटी माती, त्यावर बारीक खडी, धरायला कारवीच्या वाळक्या काठ्या. तिथे उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखी कळ यायला लागली. मी आयब्युप्रोफेनची गोळी घेतली. कळ कमी झाली, मी वेग वाढवला, तासाभराने ती दुपटीने आली आणि मी दुसरी गोळी घेतली. हा मूर्खपणा होता. वेदना हा एकमेव जागा असलेला पहारेकरी होता आणि मी त्यालाच झोपेची गोळी दिली. त्यातून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. तासन् तास राबलेल्या स्नायूंची झीज रक्तात उतरलेली असते, तीही त्याच मूत्रपिंडांना उपसायची असते. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला तर शर्यत संपली, हॉस्पिटल गाठायचं, इतकं ते सरळ आहे.

अडतिसाव्या किलोमीटरला एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात चेकपॉइंट होता. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती, तिथला कट-ऑफ तीनचा. म्हणजे तीनपर्यंत मी तिथून निघाले तर शर्यतीत, नाहीतर बाहेर. चाळीस मिनिटं हातात होती, मी खूश होते. टेबलामागे रजिस्टर घेऊन एक काका बसले होते. त्यांनी माझा नंबर लिहिला आणि मान वर न करता विचारलं, “आज वार कोणता?” मी म्हटलं, शनिवार. “किती वाजता काय खाल्लंस?” तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “लघवी कधी केलीस शेवटची?”

मला आठवेना. पहाटे, निघायच्या आधी.

काकांनी आता माझ्याकडे नीट पाहिलं. मी खुर्चीतून उठून दाखवलं, चार पावलं चालून दाखवलं. मी उजवा पाय घासत चालत होते आणि मला ते कळतही नव्हतं. ते म्हणाले, “हे बघ बाळा, थांब असं मी म्हणणार नाही. तू वेळेत आहेस. पण पुढची खिंड सहा किलोमीटरवर आहे आणि तिथे गाडी जात नाही. तिथे बसलीस तर या पोरांना तुला झोळीतून खाली आणावं लागेल. आता ठरव.”

पोरं म्हणजे त्याच गावातली, माझ्याच वयाची चार मुलं. पहाटेपासून पाण्याचे कॅन चढवत होती. मी त्या घसाऱ्याचा विचार केला. ज्या उतारावर मला स्वतःचं वजन सांभाळता आलं नाही, तिथून ही मुलं मला खांद्यावर घेऊन, बहुधा अंधारात, उतरणार. माझ्या एका मेडलसाठी.

दोन एक्केचाळीसला मी छातीवरचा नंबर, म्हणजे बिब, काढून टेबलावर ठेवला. काकांनी माझ्या नावापुढे इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली, डीएनएफ. ‘डिड नॉट फिनिश.’ मी शाळेच्या पायरीवर बसून भरपूर रडले. परतीच्या पिकअपमध्ये पन्नाशीचे एक बँकेतले गृहस्थ शेजारी होते. ते शांतपणे उकडलेलं अंडं सोलत म्हणाले, “माझं हे चौथं. अंडं खाणार?”

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, “पडलीस का?” नाही. “हाड मोडलं?” नाही. “मग सोडलंस का?”

याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि खरी गोम इथेच आहे. पाय मोडल्यावर थांबणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्याकडे एक्स-रे असतो, प्लॅस्टर असतं, प्लॅस्टरवर मित्रांच्या सह्या असतात. पण पाय मोडायच्या आधी जो थांबतो त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. वेळेत थांबल्याचा पुरावा कधीच मिळत नाही. कदाचित मी पुढे गेले असते आणि रडतखडत का होईना पोचलेही असते. हे ‘कदाचित’ आयुष्यभर सोबत राहतं. ज्यांना ते झेपत नाही ते धावत राहतात.

हे नुसतं भावनिक बोलणं नाही. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात पिवळ्या नदीकाठच्या डोंगरात 100 किलोमीटरची ट्रेल रेस झाली. 172 जण उतरले होते. सकाळ बरी होती. बरेच जण हाफ पँट आणि पातळ टी-शर्टवर निघाले. वारा अडवणारं जॅकेट जवळ ठेवा अशी शिफारस होती, सक्ती नव्हती. दुपारी उंचावरच्या सगळ्यात अवघड टप्प्यात तापमान एकदम कोसळलं, गारा, गोठवणारा पाऊस आणि माणूस उभा राहणार नाही असा वारा सुटला. 21 धावक गारठून गेले. त्यांत लियांग जिंग होता, चीनमधल्या सर्वांत नावाजलेल्या अल्ट्रा धावकांपैकी एक. म्हणजे कमी तयारीच्या लोकांचाच बळी गेला असंही नाही. त्या डोंगरात मेंढ्या चारायला आलेला झू केमिंग नावाचा मेंढपाळ गुहेत आडोशाला बसला होता. त्याने सहा जणांना त्या गुहेत आणलं, शेकोटी केली, त्यांचे प्राण वाचले.

या शर्यतीची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ती पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला 1600 युआन मिळणार होते. पहिल्या तिघांना नव्हे, प्रत्येकाला. आता विचार करा, गारठलेला माणूस चढाच्या मध्यावर उभा आहे, खाली वळायचं की वर जायचं. काही जण खाली वळले. वारा तासाभरात पडला असता तर संध्याकाळी हेच लोक थट्टेचा विषय झाले असते, की बघा, चार थेंब पडले आणि पळाले! त्या क्षणी त्यांच्या हातात कुठलाही पुरावा नव्हता.

आपल्याकडे युआन मिळत नाहीत. आपल्याकडे रील मिळतं, फिनिशर टी-शर्ट मिळतो, आणि ज्या दोनशे लोकांना आपण आधीच सांगून ठेवलेलं असतं त्यांची वाहवा मिळते. माझ्या मते 1600 युआनपेक्षा हे ओझं जड आहे. म्हणून माझा फुकटचा सल्ला असा, की पहिल्या अल्ट्राची घोषणा कुठेही करू नका. घरी सांगा (तिथे सांगायलाच हवं) आणि एका मित्राला सांगा. बाकी जगाला रविवारी सांगा.

‘पण खेळात जिद्द लागतेच ना?’ हो, लागते. पन्नास किलोमीटरमध्ये नव्वद टक्के त्रास हा नुसता त्रास असतो. फोड येतात, नखं काळी पडतात, मांड्या बोलायला लागतात, चौथं जेल तोंडाजवळ नेलं की मळमळतं. हे सगळं सोसायचं असतं आणि त्यातच मजा असते, खोटं कशाला बोला. मात्र ‘हार मानायची नाही’ असं भिंतीवर लावलेलं वाक्य आणि ‘हरलात तरी चालतं’ असं गुळगुळीत वाक्य, दोन्ही मला सारखीच निरुपयोगी वाटतात. डोंगरात दोन्हींचा उपयोग शून्य. तिथे लागते ती माहिती. कुठला त्रास सोसायचा आणि कुठल्या त्रासाला मान द्यायचा, हे आधी ठाऊक असावं लागतं, कारण पस्तिसाव्या किलोमीटरला मेंदू विचार करायच्या लायकीचा उरलेला नसतो.

वेदनेमुळे चाल बदलली, म्हणजे लंगडायला लागलात, तर ती वेदना साधी नाही. चालत असूनही कुडकुडणं थांबत नाही, शब्द अडखळतात, सोप्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही, तर तुम्ही थांबायचा निर्णय घ्यायच्याही पलीकडे गेला आहात, शेजारच्याने तो घ्यावा. तासन् तास लघवी नाही, हेही तसंच. आणि एक उलटा धोका, जो आपल्या ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणणाऱ्या मंडळींना पटत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावकांचं रक्त तपासलं, तर 13 टक्के लोकांचं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेलं सापडलं. बोटं सुजणं, डोकं दुखणं, उलट्या, भ्रम अशी त्याची लक्षणं असतात आणि बघणारा म्हणतो, पाणी कमी पडलं, अजून पाज! तहान लागेल तेवढंच प्या आणि अधूनमधून खारट खात राहा.

आता थोडं मोठ्या लोकांबद्दल, कारण डीएनएफ म्हणजे आपल्यासारख्या कच्च्यांची गोष्ट असं मला त्या पिकअपमध्ये वाटत होतं. कोर्टनी डॉवॉल्टरने 2023 च्या एकाच उन्हाळ्यात वेस्टर्न स्टेट्स, हार्डरॉक आणि यूटीएमबी या जगातल्या तीन बड्या शंभर मैली शर्यती जिंकल्या. तिने तिची पहिली शंभर मैलांची शर्यत मध्येच सोडली होती. किलियन जॉर्नेट हा या खेळातला सचिन म्हणा हवं तर. 2018 च्या यूटीएमबीमध्ये त्याला मधमाशी चावली, अ‍ॅलर्जी झाली आणि तो बाजूला झाला. अमेरिकेतल्या बार्कली मॅरेथॉन्स या विक्षिप्त शर्यतीत तर सोडून येणाऱ्यासाठी चक्क बिगुल वाजवतात, लष्करी अंत्यविधीला वाजवतात ती धून. तिथे 2024 मध्ये जास्मिन पॅरिस ही पहिली महिला 60 तासांच्या मुदतीत पोचली, 99 सेकंद शिल्लक ठेवून. तिचा फाटकाला टेकून कोसळलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. त्याच फाटकाशी आदल्या दोन वर्षी ती शर्यत पूर्ण न करता परतली होती. ते फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

शेवटी त्या पोरांबद्दल, ज्यांच्यामुळे मी थांबले. सह्याद्रीत कुणी अडकलं की उचलायला जे जातात ते बहुतेक स्वयंसेवक असतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची माणसं रात्री-अपरात्री, पावसात, आपापली कामं टाकून दरीत उतरतात. रेसमध्येही चेकपॉइंटवर गावातली मुलं, ट्रेकर्स, निवृत्त शिक्षक असतात. आपण ‘माझी मी जबाबदार’वर टिक केलेली असते, पण डोंगरात एकटीची जबाबदारी असा प्रकार नसतो. आपण पडलो की उचलायला किमान सहा माणसं लागतात, आणि त्यांच्या पायाखाली तोच घसारा असतो. (जाता जाता, राजगडावर ताक विकायला मावशी रोज चढतात, साध्या चपलांवर, डोक्यावर ओझं घेऊन. आपल्या बारा हजारांच्या बुटांना त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.)

मी अजूनही 50 किलोमीटर पूर्ण केलेले नाहीत. त्यानंतर 25 दोनदा केले, उतारांचा सराव केला, आता दर रविवारी टेकडी वर जाण्यासाठी कमी आणि खाली येण्यासाठी जास्त चढते. या डिसेंबरसाठी 50 चा फॉर्म पुन्हा भरलाय. यंदा मोबाइलच्या कव्हरमागे एक कागद ठेवलाय. त्यावर माझ्याच हाताने, घरी, पोटभर जेवून, डोकं ठिकाणावर असताना लिहिलेल्या चार ओळी आहेत. लंगडले तर. चार तास लघवी नाही तर. दुसऱ्या गोळीची गरज वाटली तर. चेकपॉइंटवरच्या माणसाने दोनदा तोच प्रश्न विचारला तर.

आईने तो कागद वाचला आणि खाली पेनाने पाचवी ओळ घातली. ‘पोचलीस तरी फोन कर, सोडलंस तरी फोन कर.’